मेन स्विचचे रजिस्टर

शिरोलीतल्या आमच्या फाउंड्रीचा सर्व्हर व्हायरसने बंद पडला. आठ महिन्यांत त्यावर एकही अपडेट आपोआप झाले नव्हते, म्हणून तो सांभाळणाऱ्या शिफाला काढायचे मालक धैर्यशील यांनी ठरवले. कारण शोधायचे काम माझ्याकडे, जुन्या मेंटेनन्स प्रमुखाकडे, आले.

शिफाने अपडेटची वेळ विचारपूर्वक लावली होती: सोमवार, साप्ताहिक सुट्टी, सकाळी दहा. आणि आगीच्या भीतीने दर रविवारी संध्याकाळी ऑफिसचा मेन स्विच बंद करून, मंगळवारी ती येण्याआधी तो चालू करणारा मी होतो. दोन्ही वेळा रजिस्टरमध्ये सही करून.

रजिस्टर घेऊन मी मालकांसमोर उभा राहिलो. “चूक माझी आहे. शिफाची नाही.”

ते हसले. “काका, पोरीला वाचवायला आता खोटंबी बोलाय लागला व्हय?”

“हे रजिस्टर बघा.”

“तुमचं रजिस्टर? तीस वर्षांत कधी तपासाय लागलंय का?”

त्यांनी ते न उघडताच परत सरकवले. मीही ते न उघडताच काखेत घेऊन बाहेर आलो.

दाराशी उभ्या शिफाचे डोळे भरले होते. “काका, माझ्यासाठी कशाला खोटं बोललासा?”