फाटकावरचे वडील

"तुझे वडील काय करतात?" फ्रेंचच्या तोंडी परीक्षेत तेंडोलकर मॅडमनी फ्रेंचमध्येच विचारलं.

"डॉक्टर आहेत," हर्षदाने पाठ केलेलं उत्तर दिलं. पाठ्यपुस्तकात तसंच होतं. लेखी पेपर तिला सोपा गेला होता; बोलताना मात्र पाठ केलेल्या वाक्यांपलीकडे तिला जमत नसे.

"कुठल्या हॉस्पिटलात?"

पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. मॅडम वाट पाहत राहिल्या. आणखी खोटं रचायला तिच्याकडे फ्रेंच शब्द नव्हते. खरं सांगण्यापुरते होते.

"डॉक्टर नाहीत," ती क्रियापदं चुकवत, अडखळत म्हणाली. "इथे विद्यापीठाच्या फाटकावर वॉचमन आहेत. रोज सकाळी तुमच्या गाडीसाठी फाटक उघडतात. तुम्हाला नमस्कार करतात. तुम्ही फोनवर असता."

आपण काय बोलून बसलो, हे तिला शेवटचं वाक्य संपल्यावर कळलं. आता नापास, असं धरून ती टेबलाकडे बघत राहिली.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. पुढचा प्रश्न विचारताना त्याही जरा अडखळल्या, आणि तो मराठीत होता.

"नाव काय गं त्यांचं?"