तारांगणातला काळोख

सूर्य मावळून मगरिबची अजान झाली की हमीदला दिसेनासं व्हायचं. कुवेतच्या राई भागातल्या एका गोदामाची व्हॅन रात्री तो निव्वळ अंदाजाने हाकत होता. "अंधारात गाडी चालवू नका," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण गाडी चालवणं सुटलं की नोकरी जाणार, नोकरीबरोबर इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, आणि मग बायको-लेकीसकट तिघांनाही कुवेत सोडावं लागणार. म्हणून जिन्यात अडखळला की तो बायकोला, बिल्कीसला, "चप्पल घसरली गो," एवढंच सांगायचा.

सुट्टीच्या दिवशी लेकीच्या, रिदाच्या हट्टापायी तिघं तारांगणात गेली. घुमटाखालचे दिवे मालवले, संगीत सुरू झालं. हमीदला वर नुसता काळाकुट्ट अंधार दिसला. आता आपलं बिंग फुटणार, या धास्तीने तो मान वर करून मोठ्याने म्हणाला, "या अल्ला, किती तारे! बघितलेस काय, बिल्कीस?"

"अब्बा, स्टार्स अजून आलेच नाहीत!" रिदा खिदळली. "इट्स ऑल ब्लॅक."

बिल्कीस हसली नाही.



काळोखात तिचा हात चाचपडत त्याच्या खिशात शिरला आणि व्हॅनची चावी काढून घेऊन गेला.