भिंतीतली फट

पंचाने फवाऱ्याने गवतावर पांढरी रेघ मारली. फ्री किक. चेंडू गोलपासून वीस पावलांवर, जरासा उजवीकडे. चार मिनिटं उरली होती आणि आघाडी एकाच गोलची होती. ती गेली की संघ खालच्या गटात जाणार होता आणि संघाबरोबर निम्म्या जणांच्या नोकऱ्याही.

"भिंत लाव!" कर्णधार मागे न बघताच ओरडला. वय छत्तीस, म्हणून सगळे त्याला काका म्हणत.

भिंत लावणं हे गोलरक्षकाचं काम. पाच जणांनी त्याच्याकडे पाठ करून उभं राहायचं, आणि त्याने मागून ओरडून त्यांना इंच इंच सरकवायचं. हजार वेळा केलेलं काम. आज मात्र त्याला प्रत्येक शब्द तोलावा लागत होता.

मंगळवारी त्याने पेपरवाल्याला सांगून टाकलं होतं, मी समलिंगी आहे. माझ्या घरी राहतो तो भाडेकरू नाही, जोडीदार आहे. त्यानंतर ड्रेसिंग रूममध्ये कुणी वाईट बोललं नाही. खरं तर कुणी काहीच बोललं नाही. आज शनिवार.

गोलमागचा स्टँड पाहुण्या संघाच्या समर्थकांनी गच्च भरला होता. "पाठ सांभाळा रे, मागे कोण आहे बघा!" दीड तास हेच चाललं होतं. हजार गळे एका सुरात, टाळीचा ठेका कुठे चुकत नव्हता; एवढ्या गोड जमलेल्या सुरातून निघत होती ती मात्र शिवी. त्याच्या संघातले कुणी दोघे नुसते जवळ आले, तरी सगळा स्टँड ओठांचा चंबू करून मुक्यांचे आवाज काढी. म्हणून कुणी कुणाजवळ जातच नव्हतं. पूर्वार्धात गोल झाला, तेव्हा गोल मारणारा एकटाच धावत परत आला. मिठी लांबच, पाठीवर थापसुद्धा नाही.

आणि आता भिंतही तशीच उभी होती. प्रत्येक दोघांच्या मध्ये उजेड. काका आणि त्याच्या शेजारचा लंबू बचावपटू, ज्याला सगळे उंट म्हणत, त्या दोघांच्या मध्ये तर हातभर जागा. गोलरक्षकाला तिथून चेंडू स्वच्छ दिसत होता. म्हणजेच चेंडू मारणाऱ्याला गोल स्वच्छ दिसत होता.

जवळ या, एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं तर स्टँड हसणार. आणि स्टँडबरोबर हे पाचही हसले तर? नाही म्हटलं, तर चेंडू आत. मग खापर कुणाच्या माथ्यावर फुटेल, ते सांगायला ज्योतिषी नको होता.

"जवळ... जरा जवळ या."

आवाज परक्याच माणसाचा निघाला. स्टँडने तो आधी ऐकला. हशाचा नुसता लोंढा आला. "बोलावतोय की रे, जा ना!" भिंत हलली नाही. मागून त्याला फक्त उंटाचे कान दिसत होते. लालबुंद.

पंचाने शिट्टी तोंडाला लावली.

"काका, फट आहे!" तो ओरडला. या वेळी पोटातून. "तुझ्या नि उंटाच्या मधून ट्रक जाईल! चिकटा म्हणतोय ना, गाढवांनो!"

काकाने मागे वळून पाहिलं. आज पहिल्यांदाच. मग खाली, त्या जागेकडे. त्याने उंटाच्या कमरेत हात घातला आणि त्याला गोणीसारखं ओढून घेतलं.

"ते बघतायत," उंट पुटपुटला.

"बघू देत. तिकीट काढलंय त्यांनी."

स्टँडने चंबू केला. मुक्यांचा पाऊस पडला. एकापाठोपाठ एक पाच खांदे भिडले आणि उजेड बंद झाला. आता त्याला चेंडू दिसेना. दिसत होत्या फक्त पाठी.

शिट्टी वाजली. धावत्या बुटांचे चार आवाज, मग एक दणका. भिंतीने उडी मारली. उंटाच्या बरगडीतून पोतं फुटल्यासारखा आवाज आला आणि चेंडू तिरपा उडून गोलरेषेबाहेर गेला.

कॉर्नर. म्हणजे आता कोपऱ्यातून पुन्हा किक; धोका टळला नव्हता.

काका बोटं नाचवत एकेकाला जागा दाखवत सुटला. उंट पाठीवर पडला होता, तोंड उघडं, श्वास बाहेरच राहिलेला. गोलरक्षक धावत पुढे गेला आणि दोन पावलांवर थबकला. मागे सगळा स्टँड कठड्यावर ओणवा झाला होता, आता हा कुठे हात लावतो ते पाहायला. त्याचे हात आपोआप मागे गेले. मग त्यातला एक त्याने वर केला आणि डॉक्टरला खूण करू लागला.

"त्याला कशाला बोलावतोस?" उंटाला कसाबसा श्वास सापडला होता. "तो आत आला की नियमाने मला बाहेर बसवतील."

उंटाने आपला चिखलाचा पंजा वर धरला. स्टँडमधून पहिला मुका वाजला, मग शंभर.

"हात दे ना, बघतोस काय? कॉर्नर आहे अजून."