भिंतीपलीकडे

मित्सुए गेल्याचं गल्लीला कळलं, तेव्हा तिचे दिवससुद्धा होत आले होते. संध्याकाळी तिच्या नवऱ्याच्या, इवाओच्या दारात चार बायका येऊन उभ्या राहिल्या. केस ओले, गळ्यात पंचे. गल्लीच्या सामाईक, गरम झऱ्याच्या न्हाणीघरातून त्या थेट आल्या होत्या. मित्सुए बरेच दिवस दिसली नाही, बरं नाही का, असं विचारत होत्या. इवाओने सांगितलं, ती दवाखान्यातच गेली. त्याने कुणालाच कळवलं नव्हतं. ही सगळी तिची माणसं. त्याला त्यांची नावंही धड ठाऊक नव्हती. एक बाई तिथेच पायरीवर बसली आणि बराच वेळ उठली नाही.

इवाओ उत्तरेकडचा. लग्नानंतर बायकोच्या गल्लीत राहायला आला. जन्मभर मासळीचा ट्रक चालवला. अंग धुवायचं ते घरीच, नळाखाली, उभ्या उभ्या. चारचौघांत उघडं होऊन गरम पाण्यात बसून राहणं त्याला आळशीपणाचं वाटे. सुरुवातीला मित्सुए रोज म्हणायची, चला ना माझ्याबरोबर. मग तिने म्हणणं सोडलं. तिने नाद सोडला, असं त्याने धरलं होतं.

न्हाणीघराची एकेक किल्ली गल्लीतल्या प्रत्येक घराकडे असते. आता ती ठेवून काय करायचं, म्हणून इवाओ ती परत द्यायला गेला. देखरेख म्हातारा गेंदा बघायचा. तो पुरुषांच्या हौदात गळ्यापर्यंत बुडालेला होता. इवाओने दारातूनच किल्ली पुढे केली.

"कपडे घालून इथे कुणी बोलत नाही," गेंदा डोळे न उघडता म्हणाला.

शेजारी बसलेला कुबोई हसला. म्हणाला, लाजू नका, आमच्याकडे तरी काय नवीन आहे.

इवाओने कपडे काढले. बाजूला बसून अंग धुतलं. मग हौदात पाय घातला आणि चटकन बाहेर काढला. पाणी भाजत होतं. त्याने गार पाण्याचा नळ सोडला. दोघे म्हातारे एकदम कण्हले. कुबोई म्हणाला, ट्रकवाल्याने आमच्या हौदाचं सरबत केलं. गेंदाने हात लांब करून नळ बंद केला. हळू उतरा, म्हणाला, आणि बसलात की हलू नका. हललं की पाणी चावतं.

इवाओ उतरला. गुडघे, कंबर, छाती. दात आवळून तो बसून राहिला. आधी वाटलं, जीव जाईल. मग काहीतरी सुटलं. खांदे खाली आले. ते इतकी वर्षं वर ओढलेले होते, हे त्याला आत्ता कळलं. हात आपोआप तरंगले. पाणी जमिनीच्या पोटातून येत होतं, कुणी न मागता, रात्रंदिवस. वाफ सरळ वर जात होती. मधली भिंत छतापर्यंत पोचत नव्हती. वरच्या फटीत बायकांकडची वाफ आणि पुरुषांकडची वाफ एक होत होती. खिडकीतून शेवटचं ऊन त्या वाफेत शिरलं होतं. इवाओ मान वर करून बघत राहिला. देवळातही त्याने असं कधी वर बघितलं नव्हतं. हे इथे रोज होत होतं, आणि तो चार घरं पलीकडे नळाखाली उभा असायचा.

पलीकडून एका बाईचा आवाज आला. "अहो, मी निघाले. तुम्हीही आटपा."

"आलोच," गेंदा ओरडला, आणि जागचा हलला नाही.

इवाओने विचारलं, असं रोज चालतं का. कुबोई म्हणाला, सगळ्यांचंच. नाहीतर एकजण बाहेर थंडीत ताटकळणार, आणि त्याचं घरी गेल्यावर ऐकावं लागणार.

गेंदाने आता डोळे उघडले. "मित्सुएबाईही मारायच्या हाक," तो म्हणाला.

"कुणाला?"

"तुम्हाला. रोज. अहो, मी निघाले, म्हणून."

इवाओला वाटलं, ही पण थट्टाच. त्याने कुबोईकडे पाहिलं. कुबोई हसत नव्हता.

"मी तर घरी असायचो," इवाओ म्हणाला.

ते बाईंना ठाऊक होतं, गेंदा म्हणाला. पहिल्यांदा हाक आली तेव्हा इथले सगळे हसले होते. बायकाही हसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. पुढे कुणी हसेनासं झालं. जो कुणी भिंतीजवळ असेल तो "आलो" म्हणायचा. कुणी म्हटलं नाही, तर बाई निघायच्या नाहीत, तशाच उभ्या राहायच्या. मग हे इथलं कामच होऊन बसलं. नवीन कुणी आला तर त्यालाही सांगून ठेवायचे.

किल्लीचा विषय कुणी काढला नाही. पलीकडे पाण्याचा आवाज थांबला होता. सगळ्या ऐकत असाव्यात. इवाओ हलला नाही. आज त्याला कुणी बोलवत नव्हतं. पण त्या भिंतीवरून इतक्या वर्षांच्या हाका येऊन गेल्या होत्या, आणि त्यातल्या एकीलाही त्याने अजून ओ दिली नव्हती.