टकळी

आईबाबा दोघांनाही जन्मापासून ऐकू येत नाही. सगळा संसार त्यांनी हातांच्या भाषेत केला. त्यात बाबा भारी बोलके. झोपेतही त्यांचे हात चालायचे आणि शेजारी झोपलेल्या आईला चापट बसायची. "झोपेत तरी टकळी बंद ठेवा!" सकाळी आईची बोटं दटावायची, आणि बाबा दोन्ही हात काखेत दाबून गप्प बसल्याचं सोंग करायचे.

झोपेतली ती झटापट कंपवाताची चाहूल होती, हे पुढे डॉक्टरांकडून कळलं. हळूहळू बाबांचे हात थरथरू लागले, मग आखडले. आता जागेपणी त्यांच्या हातून एक शब्द निघत नाही.

त्यांची लेक बऱ्याच महिन्यांनी माहेरी आली, तर आईच्या डोळ्याखाली काळंनिळं झालेलं. झोपेतली हालचाल थांबवायच्या गोळ्या कपाटात तशाच पडलेल्या. "अगं, देत का नाहीस त्यांना?" हातवारे करत ती फणकारली.

आईने तिला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं. बाबांना दुपारची झोप लागली होती, आणि त्यांची बोटं हवेत भराभर बोलत होती, कुठेही न अडखळता. मध्येच एक बोट गालाला टेकलं. लेकीच्या गालावर खळी पडते, म्हणून लहानपणापासून हीच तिच्या नावाची खूण.

आईने डोळे पुसले आणि खुणेने सांगितलं,



"रोज विचारतात, ती कधी येणार म्हणून."