दुसरं माप

घोड्याखालची ठिणगीची टोपी फुटली, पण बंदूक वाजली नाही. नुसता फट् असा आवाज झाला.

"नळी समोरच राहू द्या," कुंदा म्हणाली.

"मला सांगतेस?" अरुणने निशाणावरची नजर काढली नाही. "हवा दमट आहे. दारूने ओल धरली असेल."

"दारू घातली होती का, ते आधी आठवा."

रोल्लातल्या घरून दर शनिवारी दोघं वाळवंटातल्या या नेमबाजीच्या रेंजवर यायची. ठासणीच्या बंदुकीचा नाद अरुणचा. शिशाच्या गोळ्याही तोच ओतायचा, रास अल खोरला एका मित्राच्या गॅरेजमागे. नळीच्या तोंडातून आधी मापाने दारू, तिच्यावर गोळी, मग गजाने ठासायचं. कुंदाला हे सगळं शिकवलं त्यानेच.

रेंज सांभाळणारी दुआ आली. थोडं थांबून तिने गज नळीत सोडला, तो किती खोल गेला ते पाहिलं.

"अंकल, अंदर बारूद है ही नहीं. सिर्फ गोली है."

"पॉसिबलच नाही," अरुण म्हणाला.

गजाच्या टोकाला स्क्रू लावून तो गोळीत फिरवावा लागला. कुंदाने बंदुकीचा दस्ता पोटाशी धरला, अरुणने गज ओढला. तिसऱ्या हिसक्याला गोळी निघाली. मागे दारूचा कण नाही.

"सांडली असेल."

"मागच्या शनिवारीही सांडलीच होती, नाही का?"

अरुणने माप भरलं, नळीत ओतलं. मग दुआला सांगू लागला, शिसं नीट तापलं नाही तर गोळीवर सुरकुत्या पडतात. बोलता बोलता त्याने पुन्हा माप भरलं आणि नळीकडे नेलं.

कुंदाने त्याचं मनगट धरलं.

"अहो, घातलीय!"

"कधी?"

"आत्ता. माझ्यासमोर."

"काहीतरीच! उगाच नर्व्हस करतेस मला."

"मग गज टाकून बघा ना. दोन मापं गेली आणि नळी फुटली तर डोळे जातील तुमचे!"

त्याने चिडून गज सोडला. नळी रिकामी असती तर गजावरची खूण नळीच्या तोंडाशी आली असती. ती बोटभर वर राहिली.

त्या बोटभर अंतराकडे तो बघत राहिला. दुआने मान दुसरीकडे वळवली.

"घरी जाऊ या का?" कुंदाचा आवाज उतरला होता.

"नाही." त्याने गळ्यातलं, दारू भरून ठेवायचं शिंग काढून तिच्या गळ्यात घातलं. पट्टा तिच्या केसांत अडकला. तो सोडवायला त्याला वेळ लागला. "आजपासून दारू तू घाल. नेम मी धरतो."

"आणि नेम चुकला की म्हणाल, कुंदाने कमी घातली."

"म्हणणारच."

या वेळी बंदूक वाजली. धूर निवळायच्या आत त्याने ती उभी करून तिच्यापुढे धरली.

"आंटी, आज आप नहीं चलाओगी?" दुआने विचारलं.

"टाइम किधर है, बेटा?" कुंदा म्हणाली, आणि नवऱ्याच्या हातांवरची नजर न काढता तिने पुढचं माप भरलं.