अर्डिसबाईंची पाटी

"परसात कोंबड्या पाळायला आजपासून गावात बंदी," म्हणत मेयर क्लेटननी गावसभेत हातोडा आपटला. टाळ्या पडल्या. अर्डिसबाई ताडकन उभ्या राहिल्या. गावात कोंबड्या होत्या त्या फक्त त्यांच्याकडे, आणि नवरा गेल्यापासून घरात बोलायला दुसरं होतं कोण?

नियमाप्रमाणे त्यांना बोलायला तीन मिनिटं मिळाली.

"कोंबड्यांची मुभा राज्याच्या कायद्यानं दिलीय," त्या म्हणाल्या. "तुम्ही कोण काढून घेणार?"

मेयर गोड हसले. "अहो अर्डिसबाई, आपल्या वॉल्नट फोर्क गावाला आता स्वतःच्या कारभाराची सनद आहे. गावातल्या असल्या गोष्टींत राज्याचं काही चालत नाही. आणि सनद आणली कोणी? तुम्हीच ना?"

खरंच होतं. सनदेसाठी वर्षभर त्या दारोदार फिरल्या होत्या. चर्चच्या तळघरातल्या जेवणावळीत केक वाढता वाढता त्यांनी दिसेल तो माणूस धरला होता आणि राजधानीतल्या लोकांना आपल्या गावातलं काय कळतंय, हे त्याच्या डोक्यात भरवलं होतं. घरोघरी अंगणात पाट्या रोवल्या होत्या. आमदार टॉलिव्हरना तर भर चौकात 'लुडबुड्या' म्हणाल्या होत्या. मतदान जिंकलं त्या दिवशी बाई आनंदानं रडल्या. गावाला स्वातंत्र्य मिळालं होतं. ते मेयरच्या हातात पडलंय, एवढंच काय ते लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिकअप काढली आणि लाडक्या गर्ट्रूड कोंबडीला शेजारी बसवून राजधानी गाठली. सोबत पाटी हवीच. पण नवी कशाला विकत घ्यायची? प्रचारातल्या जुन्या ढीगभर उरल्या होत्या. त्यातल्या एकीच्या कोऱ्या पाठीवर त्यांनी ठळक लिहिलं : 'राज्य सरकार, मध्ये पडा.'

टॉलिव्हरसाहेबांनी खुर्ची दिली, कॉफी मागवली, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. एवढ्या भल्या माणसाला आपण काय काय बोललो, म्हणून अर्डिसबाईंना लाज वाटली.

"गावाच्या कारभारात राज्यानं कधीतरी लक्ष घालायलाच हवं हो, साहेब," गर्ट्रूडला पोटाशी धरत त्या म्हणाल्या.

साहेबांनी पाटी हातात घेतली. वाचली. मग सहज उलटी केली. मागे लाल अक्षरांत छापलं होतं : 'आमच्या गावाचं आम्ही बघू.'

"बघा की," म्हणत साहेबांनी पाटी परत दिली.